दांडिया बाजारातला रविवारचा रंगवर्ग: पाच ट्यूबा आणि एक चाकू

चित्रकलेचे वर्ग बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. पण अ‍ॅक्रिलिकचे (पाण्यात मिसळणारे, चटकन वाळणारे) रंग कालवायला, एकाच रंगाच्या फिकट आणि गडद छटा पायरीपायरीने हाताने उतरवायला शिकवणारा वर्ग मला एकच सापडला. दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक आहेत. दारावर पाटी नाही. नाव लिहू नका असं त्यांनी स्वतःच सांगितलंय, म्हणून इथे लिहीत नाही. दोन महिन्यांचा वर्ग, फी 2400 रुपये, आणि ह्या दोन महिन्यांत एकही चित्र पूर्ण होत नाही. दिवाणखान्यात लावायला काही हाती येईल म्हणून जाणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. मी मात्र हा वर्ग मनापासून सुचवते आहे, आणि का सुचवते ते जरा सविस्तर सांगते.

आमचं मंगळ बाजाराजवळ मॅचिंगचं दुकान आहे. टू बाय टू रुबिया, पॉपलिन, अस्तर, फॉल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी काउंटरवर उभी आहे. बायका साडीचा पदर पसरतात आणि मी मागच्या फळीवरून नेमका तागा ओढते. कोनफळी, आमसुली, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, मेंदी, शेवाळी, अंजिरी, हे सगळे रंग अंधारातही हाताशी यावेत इतके ओळखीचे. पण ओळखणं निराळं आणि तयार करणं निराळं. समोर आमसुलीचा तुकडा ठेवला आणि पाच ट्यूबा दिल्या, तर त्यातून तो रंग कसा काढायचा हे मला शिकायचं होतं. ह्या गावात 1950 पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा आहे, नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा मूळचा इंदूरचा मोठा चित्रकार इथे शिकवून गेला. पण दुकान सांभाळून पन्नाशीत शिकायचं म्हटलं की रविवारचीच सकाळ उरते.

सामानाची यादी छोटी आहे. टिटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो ह्यू, क्रिमसन म्हणजे गडद तांबडा, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्यायची, कारण निम्म्याहून जास्त तोच संपतो. एक बोथट पॅलेट नाइफ म्हणजे रंग कालवायचा चाकू, एक सपाट ब्रश, जाड कागदाच्या पट्ट्या आणि न्हाणीघराची उरलेली पांढरी टाइल. टाइलवर वाळलेलं अ‍ॅक्रिलिक पाण्यात भिजवून पात्याने खरवडलं की सालपटासारखं सुटतं, म्हणून महागड्या पॅलेटची गरज नाही. चोवीस रंगांचा खोका आणणाऱ्यांना सर तो पिशवीतच ठेवायला सांगतात. काळा रंग यादीत नाही. तो सर स्वतः आणतात, आणि तोही दोन-तीन रविवार उलटल्यावर.

पहिला धडा निळ्याचा. अल्ट्रामरीन ट्यूबमधून काढल्यावर इतका गडद दिसतो की तो निळा आहे हे सांगावं लागतं. त्यात थोडा पांढरा पडला की आतला निळा उघडतो, म्हणजे रंग फिकट होता होता आधी जास्त तेजस्वी होतो. पांढरा वाढवत गेलं की पुढे तो खडूसारखा कोरडा, आकाशी होत जातो. हे वळण नेमकं कुठे येतं ते पट्टीवर स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही. सगळ्यांनी पट्ट्या करायला घेतल्या तेव्हा सरांनी पहिलं वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय: "ताई, पांढऱ्यात निळा घाला. निळ्यात पांढरा घालू नका." गडद रंगात पांढरा घालून हवी ती फिकट छटा गाठायची तर पांढरा ओततच राहावा लागतो आणि शेवटी वाटीभर नको असलेला रंग उरतो. पांढऱ्याचा गोळा घेऊन त्यात मोहरीएवढा निळा चाकूच्या टोकाने घालायचा, पूर्ण कालवायचा, मग पुढचा. फ्थॅलो ब्लूसारखे रंग तर आणखी तेज असतात, ते चाकूला नुसते लागले तरी पांढरा गोळा निळा होतो.

कालवायचं ब्रशने नाही, चाकूने. ब्रशच्या केसांच्या मुळाशी न मिसळलेला रंग अडकून राहतो आणि मग कागदावर मध्येच एखादी गडद रेघ उमटते. चाकूने दाबून, पसरून, गोळा करून पुन्हा दाबायचं. टाइलवर एकही रेघ दिसेनाशी झाली की रंग तयार.

नऊ पायऱ्यांची पट्टी म्हणजे ह्या वर्गाचा कणा. एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला मूळ रंग, मधल्या पायऱ्यांमधलं अंतर डोळ्याला सारखं वाटलं पाहिजे. इथे चमच्याने मोजून भागत नाही. करड्याची पट्टी करताना हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पांढरा आणि काळा समसमान घेतले तर मधला करडा येत नाही, चांगलाच काळपट येतो. मधली पायरी गाठायला पांढरा काळ्याच्या कितीतरी पट लागतो. पट्टी झाली की सर फोनवर तिचा कृष्णधवल फोटो काढायला लावतात. रंग गेला की उजळपणाच उरतो, आणि कुठे दोन पायऱ्या एकमेकींना चिकटल्यात, कुठे उडी पडलीय, ते लगेच दिसतं. फोन नसेल तर डोळे किलकिले करून बघायचं. आमच्या वर्गातले एक निवृत्त काका तर सगळ्या पट्ट्या किलकिल्या डोळ्यांनीच तपासायचे आणि त्यांचं सहसा बरोबर यायचं.

अ‍ॅक्रिलिकची एक खोड आहे, आणि तिच्यावर सरांनी घेतलेला वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटला. ओला असताना रंग जो दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतो. रंगद्रव्य ज्या अ‍ॅक्रिलिकच्या चिकात धरलेलं असतं तो चीक ओला असताना दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. दुधाळपणा गेला की रंग गडद दिसतो. माझ्यासाठी हे अगदी उलटं होतं, कारण कापडाचं गणित वेगळं. ओलं कापड गडद दिसतं आणि वाळल्यावर फिकट होतं, रंगाऱ्याकडून आलेल्या ताग्यांवर आम्ही आयुष्यभर तेच पाहत आलो. त्यामुळे प्रत्येक छटेचा ठिपका कागदाच्या कडेला लावायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा, आणि मग मूळ नमुन्याशी ताडून बघायचं हा क्रम सर मोडू देत नाहीत. ओला रंग नमुन्याशी तंतोतंत जुळला तर समजायचं की वाळल्यावर तो जुळणार नाही. जरा उजळच ठेवायचा. किती उजळ, ते प्रत्येक रंगाचं वेगळं असतं, आणि ते ठिपके लावूनच हाताला कळतं.

मग काळा आला. पिवळ्यात काळा घाला, एवढंच सरांनी सांगितलं. पिवळा गडद होईल अशी सगळ्यांची अपेक्षा. टाइलवर आली ती मेंदी. आणखी काळा घातल्यावर शेवाळी. माझ्या फळीवरचे दोन तागे माझ्या चाकूखाली तयार झाले होते आणि मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलीला हात धरून दाखवलं. काळ्या रंगांचा कल बहुतेक वेळा निळ्याकडे असतो, पिवळ्याशी गाठ पडली की तो हिरवा होऊन बाहेर येतो. मेंदी हवी असेल तेव्हा ही युक्ती उत्तम. पण पिवळा पिवळाच राहून गडद व्हायला हवा असेल, हळदीचा, मोहरीचा, तर बर्न्ट सिएना घालायचा. रंगचक्रात पिवळ्याच्या समोर येणारा जांभळा कणभर घातला तरी तो शांत होतो, हिरवा होत नाही. पिवळा मुळातच उजळ असतो, पांढरा घालून त्याच्या फार पायऱ्या होत नाहीत, त्याची खरी श्रीमंती गडद बाजूला आहे. निळ्याचं बरोबर उलटं. म्हणून सगळ्या रंगांना एकच पट्टी लावता येत नाही.

तांबड्याच्या धड्याला मी दुकानातून अबोलीचा तुकडा घेऊन गेले. क्रिमसनमध्ये पांढरा घातला की गुलाबी येतो, पण थंड, जरासा निळसर गुलाबी. टिटॅनियम व्हाइट नुसता उजळ करत नाही, रंगातली ऊबही काढून घेतो. ती ऊब पिवळ्याचा ठिपका देऊन परत आणायची. पिवळा एवढासा पडला आणि गुलाबी अबोलीकडे सरकला. आणखी थोडा, आणि तुकडा कागदावर ठेवल्यावर त्याची कडच दिसेना. आमसुलीला जास्त वेळ लागला. क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीनचा स्पर्श, आणि पांढरा जवळजवळ नाहीच. आमसुलीत पांढरा जास्त झाला की तो लगेच धुरकट होतो.

काळ्याविना काळोख कसा करायचा, हा पुढचा भाग. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जवळजवळ काळा रंग होतो. निळा जास्त तर थंड काळा, सिएना जास्त तर उबदार तपकिरी काळा. त्यात पांढरा घालून करड्याची पट्टी करा आणि ती काळ्या-पांढऱ्याच्या पट्टीशेजारी ठेवा. काळ्या-पांढऱ्याचा करडा सपाट पडतो. ह्या करड्यात मात्र पावसाळी ढग, जुनी चांदी, भिजलेला दगड, सगळं दिसतं, आणि प्रत्येक पायरी आपल्या मर्जीने गरम किंवा गार करता येते. सरांचा काळ्यावर राग नाही. काळ्याचं काम काय आहे ते माहीत असेल तर वापरा, सवयीने वापरू नका, असं ते म्हणतात. मला हे पटतं.

एका रविवारी वर्ग माडीवर न भरता लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात भरला. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. हे संग्रहालय बडोदेकरांनी लहानपणी शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेलं असतं आणि मग पाहुण्यांना दाखवण्यापुरतं उरतं. राजा रविवर्मांच्या चित्रांचा मोठा संग्रह तिथे आहे. सरांनी एकाच व्यक्तिचित्रासमोर आम्हाला बराच वेळ उभं केलं आणि उजेडातल्या गालापासून सावलीतल्या मानेपर्यंत किती पायऱ्या मोजता येतात ते विचारलं. मोजायला लागलं की चेहरा विरघळतो आणि रंगांच्या पट्ट्या दिसू लागतात. साड्यांच्या घड्यांमध्ये तर मला कापड विकणारीच्या नजरेने पाहायला मिळालं: घडीच्या माथ्यावर एक छटा, उतारावर दुसरी, खाचेत तिसरी, आणि तरी साडी एकाच रंगाची.

तिथेच सरांनी सांगितलं की ही चित्रं तेलरंगातली. तेलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे दोन छटा चित्रावरच एकमेकींत मिसळत राहता येतं. रविवर्मा 1906 मध्ये गेले, आणि पाण्यात कालवायचे अ‍ॅक्रिलिक चित्ररंग बाजारात आले 1955 च्या सुमाराला. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतं. चित्रावर घोटत बसायला वेळच मिळत नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या आधी टाइलवर तयार करून मग हात लावायचा. दोन महिने पट्ट्याच का करायच्या ह्याचं उत्तर मला त्या दालनात मिळालं.

बडोद्याच्या उन्हाळ्यात तर हे वाळणं फारच झपाट्याने होतं. एप्रिलनंतर पंखा चालू असेल तर गोळ्यावर साय धरते आणि चाकूने ती फाटून रंगात गुठळ्या होतात. त्यावर सरांचा उपाय घरगुती आहे. स्टीलच्या पसरट डब्यात ओला रुमाल घडी करून ठेवायचा, त्यावर बेकिंगचा बटर पेपर, आणि कालवलेले रंग त्या कागदावर. झाकण लावलं की ते दुसऱ्या दिवशीही चालतात. टाइलवर काम करताना अधूनमधून बाटलीने पाण्याचा फवारा मारायचा, पण जपून, कारण पाणी जास्त झालं की रंग पातळ होऊन छटाच बदलते.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. जिना फार उभा आहे आणि कठड्याऐवजी दोर आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना तो जमणार नाही. रंग वाळू नयेत म्हणून पंखा मंद असतो, मे महिन्यात ते सोसत नाही. मोरी एकच, त्यामुळे वर्ग सुटताना ब्रश धुवायला रांग लागते. लिहून दिलेल्या टिपा नाहीत, वही काढून स्वतः लिहून घ्यावं लागतं, आणि जो लिहीत नाही तो पुढच्या रविवारी मागे पडतो. निदान एक पानभर मिश्रणांची यादी छापून द्यायला हवी असं मी सरांना सांगितलं. यादी दिली तर हात कालवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजूनही पूर्ण पटलेलं नाही. नवशिक्याला चार आधाराच्या ओळी मिळाल्या तर त्याचा हात काही आळशी होत नाही.

उजेडाचं मात्र त्यांनी अचूक साधलंय. खिडकी उत्तरेला आहे आणि वर्ग चालू असताना ट्यूबलाइट बंद. आमच्या दुकानातही मी गिऱ्हाइकाला तुकडा घेऊन पायरीवर, बाहेरच्या उजेडात पाठवते, कारण ट्यूबलाइटखाली बहिणी दिसणारे दोन रंग उन्हात परके निघतात. सरांनी वर्गात हे करून दाखवलं. मी आणलेला कोनफळी तुकडा आणि आम्ही कालवलेला कोनफळी, खिडकीत तंतोतंत एक. दिवा लावला, आणि आमचा रंग लालसर झाला. कापडातली रंगद्रव्यं वेगळी, ट्यूबेतली वेगळी, आणि दर उजेडात ती वेगवेगळी वागतात. तेव्हापासून दुकानात मी गिऱ्हाइकाला आधी विचारते, ही साडी दिवसाच्या कार्यात नेसणार की रात्रीच्या रिसेप्शनला.

ट्यूबा कुठल्या घ्यायच्या हे बरेच जण विचारतात. शिकाऊ दर्जाच्या घेतल्या तरी पहिल्या महिन्याला पुरतात. त्यात भर जास्त आणि रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे पांढऱ्यात घातलेला रंग लवकर फिका पडतो. एका दुकानात मला पांढऱ्याची जुनी, आत घट्ट झालेली ट्यूब मिळाली होती, म्हणून घेताना दाबून बघा. ट्यूबेच्या मागे रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. टिटॅनियम व्हाइटचा पीडब्ल्यू 6, अल्ट्रामरीनचा पीबी 29. ज्या ट्यूबेवर एकच संकेतांक असतो ती कालवायला चांगली. आधीच तीन-चार द्रव्यं घातलेली ट्यूब दुसऱ्या रंगात मिसळली की लवकर मळते. पुढे पैसे घालायचेच असतील तर आधी पांढऱ्यात घाला.

वर्ग कुणासाठी? मुलांसाठी नाही, त्यांना अडीच तास पट्ट्या करायला बसवणं जमणार नाही. रांगोळी काढणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी जरूर जावं. आमच्या वर्गात फार्मसीला शिकणारी एक मुलगी होती, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आणि माझा डोळा तिच्यापेक्षा जुना, त्यामुळे आमची जोडी चांगली जमली. ज्यांना चित्र काढता येतं पण चित्रातले रंग ट्यूबेतून काढल्यासारखेच दिसतात अशांनी तर सगळ्यात आधी जावं.

पुढची तुकडी नवरात्र संपल्यावर सुरू होते. गरब्याच्या नऊ रात्रींत बडोद्यात सकाळी नऊला कुणी येत नाही हे सरांनाही माहीत आहे. दहाच जागा असतात. दांडिया बाजारात चित्रसाहित्य विकणाऱ्यांकडे चौकशी केली की वाडा सांगतात. जाताना जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे भरपूर न्या. ब्रश आणि चाकू आधी त्याने पुसून मगच पाण्यात बुडवायचे असतात, रंग मोरीत गेला की पाइपमध्ये वाळून बसतो, आणि सर त्या बाबतीत फार कडक आहेत.